रेडिओची गप्प फेरी

बेटावर त्याला खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला रेडिओ म्हणत. मोठ्यांचा रेडिओ, लहानांचा रेडिओकाका, आणि बायको चिडली की नुसतं 'ते यंत्र'. सकाळची बोट धक्क्याला लागली की तिच्यातून उतरणाऱ्या पाहुण्यांना आपल्या छोट्या बसमध्ये बसवायचं, दिवसभर बेट दाखवायचं, जेवू घालायचं आणि संध्याकाळच्या बोटीला परत आणून सोडायचं, हे त्याचं काम. गाडी तोच चालवायचा आणि तोंडही तोच. गाडी अधूनमधून बंद पडायची, तोंड कधी पडलं नाही.

पावसाळी दिवशी तर त्याला विशेष ऊत यायचा. शेवटच्या कड्यावर तो पाहुण्यांना छत्र्या घेऊन ओळीनं उभं करायचा. समोर धुक्याची पांढरीफेक भिंत. आणि हा बोट दाखवून सांगायचा, की उजवीकडे दीपगृह आहे, त्याच्याखाली काळे खडक आहेत, खडकांवर पाणकावळे पंख पसरून बसलेत. लोक माना वळवून वळवून त्या पांढऱ्या भिंतीकडे बघायचे. काही जण फोटोही काढायचे. घरी गेल्यावर ते फोटो त्यांनी कुणाला आणि काय म्हणून दाखवले असतील, देव जाणे.

अशा माणसाच्या पोटी घुमी जन्माला आली. एकुलती एक लेक. लहानपणापासून तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतून बादली ओढायची. हे नाव तिला कुणी ठरवून दिलं नव्हतं, ते आपोआप चिकटलं. एकदा शाळेतल्या बाई मुद्दाम घरी येऊन विचारून गेल्या, मुलीला ऐकू नीट येतं ना म्हणून. रेडिओच्या बायकोनं त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, ऐकू चांगलं येतं, तेच तर झालंय.

घुमी समुद्रापलीकडच्या शहरात राहून शिकून आली. तिच्या मामानं तिथल्याच एका कचेरीत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पक्की नोकरी, कोरडी खोली, टेबल, खुर्ची, कपाट. ते टेबल रेडिओनं अजून पाहिलंही नव्हतं, पण त्याचं वर्णन तो अख्ख्या बेटाला ऐकवून बसला होता, खणांच्या मुठींसकट. त्यातच त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला. क्लच दाबताना डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. डॉक्टरांनी गाडी सोडा म्हणून बजावलं आणि त्यानंही ते मनावर घेतलं. गाडी विकायची, लेकीला पलीकडे पाठवायचं आणि आपण दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं डोकं खायचं, असा त्याचा साधा बेत होता.

एका रात्री जेवताना घुमीनं पानावरून मान वर न करता सांगितलं, की गाडी विकू नका, मी चालवीन.

रेडिओला ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर तो सुरू झाला. गाडी तू चालवशील गं, पण बोलणार कोण? दिवसभरात तू जेवढं बोलतेस तेवढ्यात पाहुण्यांचं या-बसा पण व्हायचं नाही. हे त्यानं वरवरचं सांगितलं. आतलं खरं दुखणं वेगळं होतं, आणि तेही त्यानं सांगून टाकलं, कारण पोटात काही ठेवणं त्याला कधी जमलंच नव्हतं. जन्मभर तो धक्क्यावर उभा राहून लोकांना उतरवून घेत आला होता आणि संध्याकाळी परत चढवून देत आला होता. जाताना लोक सांगायचे, आता इथून आम्ही तिकडे जाणार, तिथून पुढे आणखी कुठे. बोट सुटायची, आणि हा हात हलवत मागे उरायचा. वाऱ्यापावसात बोटी बंद झाल्या की आठवडेच्या आठवडे कुणी यायचं नाही. तेव्हा तो घरातल्या भिंतींशी बोलायचा. हे आपल्या लेकीच्या वाट्याला येऊ नये एवढंच त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

घुमीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं एक अट मांडली. तिच्या मानानं ते मोठं भाषणच होतं.

"एक फेरी मी करते. तुम्ही मागच्या सीटवर बसायचं. दिवसभरात तुम्हाला एकदा जरी तोंड उघडावं लागलं, तर मी हरले. मामाकडे जाते. नाही उघडावं लागलं तर गाडी माझी."

"दिवस मी ठरवणार," रेडिओ म्हणाला.

"ठरवा."

घुमीची आई इतका वेळ ताटं गोळा करत होती. हे दिवसभर गप्प बसणार असतील तर मलाही गाडीत घ्या, म्हणाली, बघून तरी घेते एकदा. बाप-लेकीच्या वादात ती एरवी पडत नसे.

दिवस निवडण्यात रेडिओनं लबाडी केली. बेटावर जन्म काढलेल्या माणसाला आभाळ कळतं. दक्षिणेकडून ढग चढू लागले, गुडघे ठणकायला लागले, तसा तो म्हणाला, उद्या. ही त्याची शेवटची फेरी ठरणार होती, कारण परवा गाडी एकतर लेकीची होणार होती नाहीतर गिऱ्हाइकाची. ते त्याला ठाऊक होतं, पण तेव्हा त्याचा त्यावर फारसा विचार झाला नाही. पोरीला बोटीत बसवायचं एवढंच डोक्यात होतं.

सकाळी पाऊस असा लागला होता की धक्क्यावरून बोट दिसेना, नुसता भोंगा ऐकू येत होता. घुमीची आई तो पाऊस बघून घरीच राहिली होती. पाहुणे उतरले ते आधीच आंबलेल्या तोंडांनी. त्यात एक जाड चष्मेवाले गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, बेटाकडे पाहिलं, पुन्हा पुसला आणि परतीची लवकरची बोट आहे का विचारलं. घुमी म्हणाली, नाही. बस, एवढंच. मागच्या सीटवर ओल्या छत्र्यांच्या ढिगाशेजारी बसलेला रेडिओ पुढे सरकला. अशा माणसाला कसं घोळात घ्यायचं याच्या त्याच्याकडे डझनभर युक्त्या होत्या, आणि त्या सगळ्या एकदम जिभेवर येऊन उभ्या राहिल्या. त्यानं ओठ आत ओढून घेतले.

त्याच्या शेजारी पिवळ्या रेनकोटातल्या एक बाई येऊन बसल्या. स्वभावानं बोलक्या. तुम्ही इथलेच का, त्यांनी विचारलं. रेडिओनं मान हलवली. पाऊस नेहमी असाच असतो का? रेडिओनं हातानं थोडंफार अशी खूण केली. बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं, त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि मग त्या मोठमोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत त्याच्याशी बोलू लागल्या. मागे वळून त्यांनी कुणाला तरी सांगितलंही, बिचाऱ्यांना बोलता येत नाही. मग त्यांनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. ज्या माणसाच्या बडबडीला कंटाळून एकदा भर समुद्रात एका माणसानं बोटीतली जागा बदलली होती, त्यानं ती गोळी मुकाट्यानं तोंडात टाकली.

गाडी निघाली. घुमी बोलेना. वळण आलं, बोलण्याजोगं जुनं झाड आलं, पडका बुरूज आला आणि गेला, तरी ती गप्प. वायपर इकडून तिकडे होत होते. रेडिओच्या मते गाडीतली शांतता म्हणजे जवळजवळ अपघातच.  आणि मग त्याला एक विचित्र गोष्ट ऐकू आली. पाहुणे आपापसात बोलत होते. तुम्ही कुठून आलात, मुलं किती, पावसाचा पत्ता असता तर जाड बूट घातले असते, असलंच काहीबाही. इतक्या वर्षांत आपल्या गाडीत पाहुण्यांना एकमेकांशी बोलताना त्यानं पाहिलं नव्हतं. त्यांना तो सवडच देत नसे.

रेडिओची फेरी नेहमी पश्चिमेच्या किनाऱ्यानं जायची, कारण तिकडे देखावे. घुमीनं गाडी उलटीकडे वळवली, होड्या बांधणाऱ्या सुताराच्या शेडकडे. तिथे काय बघायचंय, रेडिओच्या मनात आलं, लाकडं? शेडमध्ये अर्धी झालेली होडी उलटी घातली होती. डांबराचा आणि ओल्या भुशाचा वास कोंडला होता, पत्र्यावर पाऊस बडवत होता. घुमीनं पाहुण्यांना सांगितलं की फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून भरतात आणि वरून डांबर ओततात, आणि ठोकताना फट भरली की आवाज बदलतो. एवढं बोलून तिनं सुताराच्या हातातली मोगरी घेऊन चष्मेवाल्यांना दिली. ते नको नको म्हणत होते. मग त्यांनी ठोकायला सुरुवात केली. आवाज बदलला तसे ते थांबले, मान तिरपी करून त्यांनी पुन्हा एकदा ठोकून बघितलं. मग त्यांना मोगरी काही सोडवेना. शेवटी बाकीचे खोळंबलेत म्हणून सुतारानंच ती काढून घेतली. निघताना सुतारानं रेडिओला कोपरानं ढोसलं आणि घसा बसला का म्हणून विचारलं. रेडिओनं डोळे मोठे केले.

पुढे उताराच्या रस्त्यावर पाणी वाहत होतं आणि गाडीचं एक चाक कडेच्या चिखलात रुतलं. रेडिओला वाटलं, झालं, सुटलो. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली. पण घुमीनं दार उघडलं, खाली उतरली, बघितलं आणि म्हणाली, ढकलावं लागेल. पाहुणे मुकाट उतरले. एक नवं जोडपं होतं, त्यातली नवरी साडेसाती मागे लागल्यासारखं तोंड करून बसली होती. ती चप्पल काढून सगळ्यांत पुढे जाऊन उभी राहिली. रेडिओही ढकलायला लागला, गुडघे बोंबलत असताना. गाडी निघाली तेव्हा सगळे चिखलानं माखले होते आणि हसत होते. चष्मेवाल्यांनी चष्मा पुसायचं सोडून दिलं होतं.

आता जेवण. रेडिओची खरी भिस्त जेवणावर होती. पाहुण्यांना रस्सा मिळायचा तो मावशीच्या खाणावळीत. मावशी त्याची कुणी नव्हती, सगळ्या बेटाचीच मावशी होती. ताजा मासा, गरम पाव आणि उघड्या पडवीतून समुद्र. आज पडवीत पाणी, आणि समुद्र खवळल्यामुळे होड्या गेल्याच नव्हत्या, म्हणजे मासळीच्या नावानं शून्य. पावसात भिजलेली, भुकेली माणसं आणि रिकामी पातेली, यातून कुणी वाचलं नव्हतं. तो छत्र्यांच्या ढिगावर हात ठेवून वाट बघत बसला.

पण होड्या गेल्या नव्हत्या तरी खडक कुठे गेले नव्हते. घुमी भल्या पहाटे ओहोटीला जाऊन मावशीबरोबर टोपलीभर शिंपल्या काढून आली होती. बाप तेव्हा घोरत होता. मावशीनं सगळ्यांना सरळ स्वयंपाकघरात घेतलं, कारण कोरडी जागा तेवढीच होती. भट्टीभोवती बाकं ओढली, ओले मोजे दोरीवर टांगले. रेनकोटवाल्या बाई कांदे चिरायला बसल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत सगळ्यांना आपल्या सुनेची हकिगत सांगू लागल्या. चष्मेवाल्यांना शिंपल्या घासायला दिल्या. बटाटे, शिंपल्या आणि भरपूर लसूण यांचा रस्सा मोठ्या पातेल्यात रटरटू लागला तसा सगळ्यांच्या बोलण्याचा आवाज खाली आला. घुमी पाव फाडून वाढत होती. ती फार बोलली नाही. कुणी विचारलं की उत्तर द्यायची, आणि नीट द्यायची. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणायची. रेडिओनं आयुष्यात एकदाही पाहुण्याला 'ठाऊक नाही' म्हटलं नव्हतं. त्यापेक्षा तो काहीतरी रचून सांगायचा.

त्यानं दुसऱ्यांदा रस्सा घेतला. भट्टीच्या उजेडात लेकीकडे बघताना त्याच्या मनात आलं, की ही जे करतेय ते आपण कधी केलंच नाही. आपण लोकांना बेट सांगितलं. ही त्यांना बेटावर बसवून घेतेय. तिचं तोंडही वेगळं दिसत होतं, घरी असायचं तसं मिटलेलं नव्हतं. त्याला अभिमान वाटला आणि त्याच घासाला धास्तीही वाटली, कारण ही जिंकत होती. जिंकली की इथेच राहणार. एक दिवस तिचेही गुडघे दुखतील आणि तीही बंद बोटींच्या दिवसांत भिंतीकडे बघत बसेल. मावशीनं त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या आदळला. तब्येत बरी आहे ना, तिनं विचारलं, आज घर खायला उठल्यासारखं वाटतंय तुझ्यामुळे. त्यानं हातानं बरी आहे अशी खूण केली. बिचारे, रेनकोटवाल्या बाई मावशीला म्हणाल्या. मावशीला काही कळेना.

दुपार कलली. परत धक्क्याकडे निघायचं तर चष्मेवालेच म्हणाले, अहो, ते सासू-सून खडक राहिले की. त्यासाठीच तर आलो होतो. धुक्यात दिसायचे नाहीत, घुमी म्हणाली. नाही दिसले तर नाही दिसले, चष्मेवाले म्हणाले, जाऊन तर येऊ. हाच माणूस सकाळी लवकरची बोट विचारत होता.

कड्यावर वारा होता. समोर तीच पांढरी भिंत. पाहुणे छत्र्या धरून उभे राहिले आणि घुमी त्यांच्यापुढे उभी राहिली. रेडिओ सगळ्यांच्या मागे.

ही गोष्ट त्याची होती. त्याच्या बापानं त्याला ओंजळभर सांगितली होती, ती त्यानं वर्षानुवर्षं सांगून घागरभर केली होती. घुमीनं ती सुरू केली, आपल्या पद्धतीनं, थोडक्यात. खाली समुद्रात दोन खडक आहेत. सासू आणि सून. घरातला मुलगा होडी घेऊन गेला होता आणि धुकं आलं. कुणीतरी खडकाच्या टोकावर जाऊन हाका मारायला हव्या होत्या. सासू म्हणाली, नवरा तुझा, तू जा. सून म्हणाली, मुलगा तुमचा, तुम्ही जा. दोघी एकदमच निघाल्या आणि टोकावर जाऊन भांडायला लागल्या. पाणी चढायला लागलं. आधी घोट्यापर्यंत आलं, मग गुडघ्यापर्यंत.

पाहुणे हसत होते. रेडिओचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण एकेक शब्द तो आतून म्हणत होता, हातही आपोआप पाण्यासारखा वर चढत होता. त्याला भान नव्हतं. घुमीनं लोकांच्या डोक्यांवरून त्याच्याकडे पाहिलं, आणि ती थांबली.

ती थांबली ती थांबलीच. पाहुणे वाट बघत होते. वारा छत्र्या उलट्या करू बघत होता. विसरली, रेडिओला वाटलं. ऐन शेवटाला येऊन विसरली पोरगी. आता तो काही न करता नुसता उभा राहिला असता तरी तिची फजिती झाली असती, आणि त्यानं तोंड उघडलं असतं तर ती अट हरली असती. कुठूनही बघितलं तरी त्याचंच काम होत होतं. सकाळी त्याला हेच हवं होतं. आता तो मनातल्या मनात तिला पुढचा शब्द पुरवत होता.

"पुढचं माझे बाबा सांगतील," घुमी म्हणाली. "ही गोष्ट त्यांची आहे."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. रेनकोटवाल्या बाईंनी घुमीला हळूच सांगायचा प्रयत्न केला, की अगं, त्यांना बोलता येत नाही.

रेडिओ पुढे आला. लेकीला भर पाहुण्यांत असं उघडी पडलेली ठेवणं त्याच्यानं झालं नसतं, जग इकडचं तिकडे झालं तरी. "पाणी छातीपर्यंत आलं," तो म्हणाला, आणि बाईंच्या हातातली छत्री वाऱ्यावर गेली. पाणी छातीपर्यंत आलं तरी दोघींचं चालूच, तो सांगत गेला. सासूनं सुनेच्या माहेराचा उद्धार केला, सुनेनं सासूच्या हातच्या रश्शाचा. समुद्रालाही मध्ये बोलायची सोय राहिली नाही. दिवसभराचं कोंडलेलं सगळं बाहेर येत होतं, आवाज तरुणपणी लागायचा तसा लागला होता. लोक पोट धरून हसत होते. आणि मग तो आवाज खाली घेऊन म्हणाला, की दोघी भांडता भांडता तिथेच खडक झाल्या, मुलगा मात्र वाचला. धुक्यात त्याला काहीच दिसत नव्हतं, पण आई आणि बायको भांडताना ऐकू आल्या, आणि त्या आवाजाच्या अनुरोधानं तो घरी पोचला. आजही आमचे होडीवाले धुक्यात तसेच घरी येतात. ऐका.

मग तो गप्प झाला. या जागी तो नेहमीच गप्प व्हायचा. अख्ख्या फेरीत एवढीच त्याची शांतता असायची. धुक्याखालून, दोन खडकांच्या मधून, पाण्याचा आवाज येत होता. एकीकडून खळखळ, दुसरीकडून खळखळ, कुणी माघार घेत नव्हतं. पाहुणे बराच वेळ पावसात उभे राहून ऐकत राहिले.

परतताना तो पुढे, लेकीशेजारच्या सीटवर बसला. मागे सगळे बोलत होते. रेनकोटवाल्या बाईंनी तर त्याचा हात हातात घेऊन विचारलं होतं, की वाचा कधी परत आली. त्यावर एरवी त्यानं आठवडाभर पुरेल एवढं उत्तर दिलं असतं. आता तो समोर बघत बसला. जिंकलो, तो स्वतःला सांगत होता. पोरगी कोरड्या खोलीत बसेल, सुखात राहील. पण हे सांगून सांगूनही जीव थाऱ्यावर येईना.

धक्क्यावर पाहुण्यांनी घुमीचे हात हातात घेतले, पुन्हा येऊ म्हणाले. तसं सगळेच म्हणतात, पण चष्मेवाल्यांनी सुताराची होडी पाण्यात कधी जाणार तेही विचारून घेतलं. बोट सुटली. बाप-लेक पावसात उभे राहून हात हलवत होते. बोट दिसेनाशी झाल्यावर घुमी म्हणाली, "तुम्ही जिंकलात. मामाला कळवते मी."

रेडिओला तिची समजूत घालावीशी वाटली. अगं, विसरायला कुणालाही होतं, तो म्हणाला, मीसुद्धा सुरुवातीला...

"विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"लहान असल्यापासून ऐकतेय, विसरेन कशी? सगळी पाठ आहे, तुमच्या खोकल्यासकट."

"मग थांबलीस का?"

घुमीनं चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "तुमची शेवटची फेरी होती, बाबा. ती तुम्ही तोंड मिटून संपवावी असं मला वाटेना. मागे उभे राहून नुसते ओठ हलवत होतात."

रेडिओला आता उमगलं.  तिला सगळं येत होतं आणि तिनं हाती आलेली गाडी त्याच्यासाठी सोडून दिली होती, एका गोष्टीच्या शेपटासाठी. त्याला रडू आलं. पावसात ते लपलं असतं, पण लपवायचं त्याच्या अंगातच नव्हतं, तो सरळ रडला. घुमी शेजारी उभी राहिली, तिनं त्याला उगी-उगी केलं नाही.

मग त्यानं बाहीनं नाक पुसलं. "सकाळी बोट लागायच्या आधी इथे येऊन उभी राहत जा," तो म्हणाला. "उशीर झाला की पाहुणे चहाच्या टपरीत शिरतात आणि मग हलत नाहीत."

घुमीनं त्याच्याकडे बघितलं. "अट हरलेय मी."

"उद्या पश्चिमेचा रस्ता घेऊ नकोस, पाण्यानं खचला असेल."

"बाबा. मामानं तिकडे शब्द दिलाय माझ्यासाठी. त्याला काय सांगायचं?"

"ते माझ्यावर सोड," रेडिओ म्हणाला. "बोलायचंच काम आहे ना?"